एकविशीच्या आत अमेरिका

सिडको, नाशिक
८ जुलै २००१

तीर्थरूप दादांस,

सिंधूचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे वेळेवर जेवतो, झोपतो आणि बोलतोही. फक्त एकमेकांशी जरा कमी. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम खरंच करता, की नुसता मला फोनवर समजावून सांगता? कळवणला आई ठणठणीत आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळ्यांचे दोष लांबूनही दिसतात.

तुम्ही गेल्या तीन रविवारी फोन करून 'तिकिटं कधीची काढू' असं विचारलंत. तिन्ही वेळा फोन यांनी घेतला आणि 'आवाज येत नाही, लाइन खराब आहे' म्हणून ठेवून दिला. लाइन चांगली होती, दादा. तुमचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. सांगायची यांना लाज वाटते आणि मला वाटत नाही, म्हणून हे पत्र. चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

अठ्ठ्याऐंशी साली तुम्ही तिकडचे नागरिक झालात आणि लगेच बहिणीसाठी अर्ज टाकलात, हे उपकार मी विसरलेले नाही (विसरेन म्हटलं तरी हे विसरू देत नाहीत). पूजा तेव्हा सात वर्षांची होती. भावाबहिणींच्या रांगेत नंबर लागायला बारा-तेरा वर्षं जातात, असं तुम्ही स्वच्छ लिहिलं होतं. पण ते पत्राच्या दुसऱ्या पानावर होतं, आणि यांनी पहिलं पान वाचूनच पेढे आणायला सायकल बाहेर काढली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात कुठलीही गोष्ट पुरी झाली नाही. गॅलरीला जाळी बसवायची नाही, कारण आपण जाणार. नवीन कपाट नको, कारण आपण जाणार. नळ गळतोय तर गळू दे, पुढचा भाडेकरू बघेल. तेरा वर्षं आम्ही फलाटावर ट्रंकेवर बसल्यासारखे राहिलो.

अठ्ठ्याण्णव साली यांच्या सातपूरच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. शहाणी माणसं घरी जाऊन बायकोला विचारत होती. यांनी पहिल्याच दिवशी सही केली, कारण नंबर 'आता कधीही' लागणार होता. मग दर महिन्याला हे सायबर कॅफेत जाऊन रांग कुठवर आली, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतचे अर्ज हातात घेतलेत, ते बघून यायचे. एखाद्या महिन्यात तारीख आठवडाभर पुढे जायची, की घरात शिरा. पुढच्या महिन्यात तीच तारीख दोन महिने मागे जायची, की यांना ताप. (तारीख मागे कशी जाते हे मी विचारलं तेव्हा 'तुला त्यातलं कळणार नाही' असं उत्तर मिळालं. यांनाही कळलेलं नव्हतं.) नव्व्याण्णवच्या गणपतीत तर कॉलनीच्या मंडळाने यांचा निरोप समारंभच करून टाकला. शाल, श्रीफळ, तिघांची भाषणं. यांनी उत्तरादाखल डोळे पुसत 'मातीला विसरणार नाही' म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ पिशवी घेऊन त्याच मंडपासमोरून दळण आणायला निघाले. पुढचं दीड वर्ष हे मागच्या गल्लीने भाजीला जात होते.

आता खरी मेख सांगते. अर्ज माझ्या नावाचा. नवरा आणि मूल माझ्या कागदाच्या शेपटाला. पण मूल एकवीस वर्षांच्या आतलं हवं आणि बिनलग्नाचं हवं. नुसता व्हिसा मिळून भागत नाही. एकवीस पुरी व्हायच्या आधी तिकडच्या विमानतळावर पाय टेकला पाहिजे. पूजाचा जन्म डिसेंबर ऐंशीचा, कळवणच्या घरी झालेला, तुम्हाला आठवत असेल. नोंद करायला कुणी गेलं नव्हतं. पुढे शाळेत घालताना तिचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून यांनी हेडमास्तरांना तारीख सांगितली ती एक जून ऐंशी. मुलगी सहा महिन्यांनी मोठी झाली आणि यांनी घरी येऊन पाठ थोपटून घेतली. तीच तारीख दाखल्यावर, तीच पासपोर्टवर. म्हणजे जी पोरगी खरं पाहता यंदाच्या डिसेंबरपर्यंत एकवीसच्या आत होती, ती कागदावर एक जूनला घोडी होणार! हे यांच्या लक्षात आलं ते दोन वर्षांपूर्वी, तिकडून फॉर्मांचं जाड पाकीट आलं तेव्हा. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांना शिव्या घातल्या.

मग कागद जमवायला लागलो. तुम्ही फोनवर म्हणालात, आपण भाऊबहीण आहोत एवढंच तर सिद्ध करायचंय. एवढंच! तुमच्या जन्माच्या नोंदीत आईचं नाव गोजराबाई, कारण तुम्ही आपल्या घरी जन्मलात आणि सासरी तिचं ते नाव ठेवलेलं. मी झाले आजोळी. तिथल्या पोलीस पाटलाने गावची लेक म्हणून तिचं माहेरचं नाव लिहिलं, नवसाबाई. मी जन्मले सिंधू, आणि लग्नात यांच्या आत्याबाईंना सिंधू आवडलं नाही म्हणून तांदळाच्या ताटात संध्या झाले. थोडक्यात, कागदावर आम्ही मायलेकी मिळून चार बायका, आणि चौघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. यांचं मात्र जन्मापासून एकच नाव, एकच आडनाव. माझे कागद चाळताना हे असे बघायचे, जणू मी नावं बदलून पोलिसांना गुंगारा देत फिरत होते.

कोर्टासमोर, सीबीएस स्टँडच्या अलीकडे, झेरॉक्स आणि टायपिंगचं एक चिंचोळं दुकान आहे. तिथला अमोल म्हणून मुलगा अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. मुलगा म्हणजे पंचवीस-सव्वीसचा, हरसूलकडचा, दुकान स्वतःचं. चार बायकांची गोष्ट त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "काकू, ऊर्फ लावू." एका शब्दात चौघींच्या दोघी झाल्या! मी त्या दिवसापासून त्याला मानते. आईला त्यासाठी कळवणहून दोनदा आणलं. पहिल्या खेपेला नोटरीने तिला विचारलं, आजी, या दोन्ही नावांच्या बाई तुम्हीच का? ती म्हणाली, "मी एकच शे. दोन ऱ्हातू तं एक तुना बापनी चाकरी करती, दुसरी सुखे बसी ऱ्हाती." 'तुना बाप' हे नोटरीला उद्देशून नव्हतं, माझ्याकडे बघून होतं, हे नोटरीला पटवण्यात दहा मिनिटं गेली.

या फेऱ्यांना यांच्याबरोबर पूजा जायची, कारण इंग्रजी फॉर्म तीच भरत होती. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. हे जाता-येता तिला अमेरिकेत कसं वागायचं ते सांगत. घरात बूट घालून बसायचा सरावही सुरू केला होता (माझ्या पुसलेल्या फरशीवर). आणि मधून मधून स्थळं येत होती, ती वेगळीच गंमत. विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी मुलाला घेऊन आले. मुलगी काय शिकली, स्वयंपाक येतो का, काही नाही. त्या माणसाचा पहिला प्रश्न: "तुमची तारीख कुठल्या सालची?" यांना आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. दोघं तासभर रांगेवर बोलले, मुलगा आणि मुलगी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसली. शेवटी यांनी अट घातली: आधी ती जाणार, मग लग्न. कारण आधी लग्न केलं तर ती रांगेतून बाद. आणि ती बाद झाली, तर मग हे लोक आपल्या मुलाचं लग्न कशाशी लावणार होते? अशी चार स्थळं मी पोहे करकरून परत पाठवली. पूजाला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही, हे लिहून ठेवते.

सतरा एप्रिलची मुलाखत लागली. एक जूनला अजून सहा आठवडे होते. यांना वाटलं आपण जिंकलो. आदल्या दुपारच्या एशियाडने मुंबईला गेलो. सकाळी वकिलातीसमोर सातच्या रांगेत यांनी सूट घातला होता, लग्नातला, त्यामुळे श्वास अर्धाच घेत होते. आतली गोरी अधिकारी पूजापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेल. शेजारी मराठी सांगणारी एक बाई. तिघांना उजवा हात वर करून खरं सांगायची शपथ दिली. मला आईचं नाव विचारलं, मी दोन्ही सांगितली. तुमच्याविषयी विचारलं. यांना काहीच विचारलं नाही! दोन वर्षं यांनी उत्तरं पाठ केलेली, आणि तिने फक्त पासपोर्टवरचा फोटो आणि चेहरा बघून मान हलवली. मग पूजाकडे वळून, फॉर्म पालटता पालटता, सगळ्यांना विचारतात तसं विचारलं की तुमचं लग्न झालंय का?

पूजा म्हणाली, "हो. सोळा फेब्रुवारीला."

मराठी सांगणाऱ्या बाईने ते सांगायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी काचेवरचा डाग बघत होते. यांनी हसून 'ती चेष्टा करतेय' असं इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, पण दोन वर्षांच्या पाठांतरात ते वाक्य नव्हतं. पूजाने पिशवीतून दाखल्याची प्रत काढून काचेखालून सरकवली (झेरॉक्स अगदी स्वच्छ होती, तिथेच मला संशय यायला हवा होता). अधिकारी बाईने वाचलं आणि सांगितलं, मुलगी तुमच्याबरोबर जाऊ शकत नाही; तुम्हा दोघांचा व्हिसा मंजूर. मग पूजाला म्हणाली, अभिनंदन. दादा, माझ्या मुलीच्या लग्नाचं पहिलं अभिनंदन अमेरिकेच्या सरकारने केलं.

रस्त्यावर आल्यावर यांचा पहिला प्रश्न 'कोणाशी' हा नव्हता. "खोटं नाही सांगता आलं?" हा होता.

"शपथ घेतली होती, पप्पा."

"शपथ काय, मी दर आठवड्याला घेतो!" हे ओरडले. वकिलातीच्या दारावरच्या पोलिसाने वळून बघितलं.

परतीच्या बसमध्ये कसाऱ्याचा घाट लागल्यावर यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, कोण? ती म्हणाली, अमोल. कोण अमोल? तुमचे कागद टाइप करतो तो. घाट संपला, इगतपुरी गेली, घोटी गेली, तेव्हा हे एकदाच बोलले, "तरीच झेरॉक्स फुकट देत होता."

रजिस्टर लग्नाला महिनाभर आधी नोटीस लागते, ती कोर्टाच्या आवारातल्या कचेरीच्या फळ्यावर लावतात. त्या फळ्याखाली सावली असते म्हणून हे जानेवारीत प्रत्येक फेरीला तिथेच उभे राहायचे. एवढंच नाही, तिथलीच दुसरी एक नोटीस वाचून यांनी घरी येऊन मला व्याख्यान दिलं होतं की हल्लीच्या पोरी आईबापांना न विचारता कशी लग्नं करतात. पूजा तेव्हा पोळ्या लाटत होती. एकही पोळी वाकडी झाली नव्हती. आणि साक्षीदार तीन लागतात, त्यातली एक कोण? आपली आई! फेब्रुवारीत दुसऱ्या प्रतिज्ञापत्राला आणली, तेव्हा नातीने तिला आणखी एका खोलीत नेऊन सही घेतली. मी कळवणला जाऊन भांडले. म्हणाली, "तुमना कागदवर धा सह्या करी दिन्यात, नातना कागदवर एक दिनी तं काय बिघडनं?" तिला माहीत होतं का, की समजून न समजल्यासारखं केलं? डोळ्यातल्या नव्या भिंगातून माझ्याकडे असं काही बघितलं तिने, की मी पुढे विचारलं नाही.

मी रडले, दादा, खोटं कशाला सांगू. अमेरिका हुकली म्हणून नव्हे. माझ्या मुलीला तो प्रश्न पहिल्यांदा विचारला तो काचेपलीकडच्या परक्या बाईने, आणि तिलाच खरं उत्तर मिळालं. चार दिवस मी पूजाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, आई, तू मला दोन वर्षांत फोटोचा आकार विचारलास, शाईचा रंग विचारलास, जेवलीस का विचारलंस. मी भात वाढला.

हे मात्र पेटले होते. पोरीला घरात घेणार नाही, 'आपल्यातला' नाही, आणि हरसूल म्हणजे किती लांब. (जो माणूस बारा हजार किलोमीटरवर जायला तेरा वर्षं ट्रंकेवर बसला, त्याला पन्नास किलोमीटरवरचं हरसूल लांब. आणि विंचूरच्या त्या व्यापाऱ्याला मुलगी द्यायला हे तयार होते, ज्याने तिचं नावही विचारलं नव्हतं.) आठवडाभर ऐकलं. मग मी माझा पासपोर्ट कपाटात ठेवला, किल्ली कमरेला लावली आणि सांगितलं, मुख्य अर्जदार मी आहे. तुमचा व्हिसा माझ्या मागे आहे. मी विमानात बसले नाही तर तुम्हीही बसत नाही. हरसूलला चला, पोरीचं लग्न चार लोकांत मान्य करा, मग व्हिसाची ऑक्टोबरची मुदत संपायच्या आत काय ते बघू. बावीस वर्षांच्या संसारात माझं एवढं म्हणणं यांनी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. माणसाला कायद्याची भाषा कळते.

हरसूलला गेलो. अमोलची आई, सुमनबाई, नागलीच्या भाकरी करत बसली होती. हे सूट घालून ओट्यावर अवघडून बसले आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं की आम्ही अमेरिकेला जाणार आहोत. त्या बाईला त्याचं काही विशेष वाटलं नाही. भाकर उलटवत म्हणाली, "आमीबी जातो नं. भात झोडला का निघायचं, द्राक्षाच्या कामाला. पोरं बरोबर घेऊन. कागद नाय लागत पण." यांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. सत्तावीस मेला सिडकोच्या समाजमंदिरात दीडशे माणसांचं जेवण झालं. यांनी दारात उभं राहून सगळ्यांना जावई दाखवला. कसा दाखवला? 'आमचे सगळे कागद हेच बघतात' म्हणून, जणू अमोलचं स्थळ यांनीच शोधलं होतं.

असं सगळं झालं. तुमचं तेरा वर्षांचं करणं आम्ही असं सार्थकी लावलं, त्याबद्दल राग मानू नका. प्रकृतीला जपा. गुडघ्याला शेकाचं तेल पाठवते आहे, ते लावा. कपाटात ठेवून देऊ नका.

तुमची धाकटी बहीण

ता. क. : हे तुमचा फोन का ठेवून देतात, त्याचं दुसरंही एक कारण आहे. महिनाभरापासून हे अमोलच्या दुकानात स्टूल टाकून बसतात. परदेशी अर्ज भरायला सिन्नर, निफाडहून लोक येतात, त्यांना रांग, तारीख, ऊर्फ, एकवीस वर्षं सगळं समजावून सांगतात. लोक 'साहेब' म्हणतात. काल मी तिकिटाचा विषय काढला, तर म्हणाले, सध्या गर्दीचे दिवस आहेत, दसऱ्याच्या सुमाराला बघू. तेरा वर्षांनी यांना हवी तशी नोकरी मिळाली आहे, कोर्टाच्या समोर.

आणखी ता. क. : म्हणून तिकीट एकच काढा. माझं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याचं. मी आधी गेले तरी चालतं, अमोलने नियम बघितलाय. यांना मी सांगेन, तुम्ही फोनवर बोलू नका. मी कधी कसाऱ्याच्या पलीकडे एकटी गेलेली नाही, पण विमानात रस्ता चुकायचा प्रश्नच नाही.

शेवटचं : तुम्ही आमच्यासाठी पाठवलेल्या हमीपत्राची प्रत काढताना अमोलने ते वाचलं (तो सगळं वाचतो). घरात सध्या राहणारी माणसं किती, तिथे तुम्ही 'एक' लिहिलंय. पत्नीच्या रकान्यात शून्य. सही जानेवारीची. आणि त्यानंतर मी जेव्हा जेव्हा वहिनींना फोन द्या म्हटलं, तेव्हा त्या बाजारात गेलेल्या होत्या. अमोलने ते पान फक्त मला दाखवलं. मी यांना सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला विचारणारही नाही; सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही तर मी स्वयंपाक करीन आणि तुम्ही जेवा. फक्त एवढं करा, दादा, की यापुढे असला एखादा फॉर्म भराल, तेव्हा माणसं दोन लिहा.